गाडी गेली, ‘रोड’ उरला

रेल्वेच्या जुन्या वेळापत्रकातला ‘रोड’ हा शब्द मोठा फसवा. कुंडल रोड, जत रोड, सातारा रोड! नवख्या उतारूला वाटावे, आले गाव. प्रत्यक्षात गाव लांबच असायचे. स्टेशनापासून त्याची वाट तेवढी सुरू व्हायची.

यातले सातारा रोड स्टेशन कोरेगाव तालुक्यातल्या पाडळीत होते. १८८०च्या दशकात सदर्न मराठा रेल्वेने पुणे-मिरज मीटरगेज मार्ग टाकला, तो सातारा शहराला बगल देऊन. छत्रपतींच्या राजधानीला जायचे तर पाडळीला उतरून पुढची सोय पाहायची.

साताऱ्याची गैरसोय झाली, पण पाडळीचे नशीब उघडले. धनजीशा कूपर यांनी १९२२ मध्ये इथे कारखाना काढला. आधी लोखंडी नांगर, पुढे डिझेल इंजिने. ओतकामाचे लोखंड आणि कोळसा बैलगाडीने किती आणणार? रूळ शेजारी हवेत. हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान होते. कारखाना नंतर वालचंद समूहाकडे गेला.

याच मार्गावर सांगलीकडे कुंडल रोडला लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१०मध्ये औंध संस्थानच्या माळावर वसाहत उभी केली. तिथे कारखान्याने स्टेशनाला आपले नाव दिले : किर्लोस्करवाडी. त्या स्टेशनात आजही गाड्या थांबतात.

पाडळीचे उलटे झाले. १९७१च्या सुमारास ब्रॉडगेज आले. मुंबईच्या प्रवाशाची पुण्यातली गाडीबदल आणि मालाची चढउतार संपली, हे चांगलेच झाले. पण नवा मार्ग माहुलीजवळून गेला, तिथे ‘सातारा’ स्टेशन झाले आणि पाडळीची गाडी कायमची बंद झाली. गंमत अशी, की हे नवे स्टेशनही शहराबाहेरच आहे!

बँकेत असताना कर्जाच्या अर्जांवर मी पत्ता वाचत असे : ‘पाडळी स्टेशन, सातारा रोड’. अर्जदारांतल्या तरुणांनी गावात गाडी थांबलेली कधी पाहिलेली नव्हती. तरी पत्त्यातून ‘स्टेशन’ कुणी खोडले नाही. खोडणार तरी कसे? आजोबा भट्टीवर, वडील लेथवर, अशी घरेच्या घरे त्या स्टेशनामुळे उभी राहिली होती.

रेल्वेने मार्ग बदलला, तो हिशेब तिच्या परीने बरोबर होता. पाडळीने नाव राखले, तो हिशेब माणसांचा. तोही चुकलेला नाही.