अडीचशे पौंडांची फोड

मार्च १९१४. मद्रासच्या एग्मोर स्टेशनातून दक्षिणेची गाडी हलली, तेव्हा फलाटावर उभ्या असलेल्या श्रीनिवास रामानुजन यांच्या डोळ्यांना धार लागली होती. आई कोमलताम्मळ आणि जेमतेम चौदा-पंधरा वर्षांची पत्नी जानकी यांना त्यांनी कुंभकोणमला रवाना केलं होतं. विलायतेला जायचं तर शेंडी कापावी लागणार होती आणि ते आईच्या डोळ्यांदेखत होऊ नये, म्हणून ही आधीची पाठवणी. शेंडी गेली, अंगावर कोट-पाटलोण आली आणि १७ मार्चला ‘नेवासा’ जहाज मद्रास बंदरातून सुटलं. लंडन आलं १४ एप्रिलला, २८ दिवसांनी.

आधी पैशांचं बघू, कारण परदेशी शिकायला निघालेल्या घरात पहिली चर्चा तीच असते. मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये रामानुजन कारकून होते. पगार महिना ३० रुपये, म्हणजे वर्षाला ३६०. पुढे मद्रास विद्यापीठाने महिना ७५ रुपये दिले. आता केंब्रिजसाठी त्याच विद्यापीठाची शिष्यवृत्ती होती वर्षाला २५० पौंड. पौंडाला १५ रुपये या तेव्हाच्या भावाने ३,७५० रुपये. कारकुनीच्या दसपट आणि वर थोडे. त्यातले ५० पौंड घरी जायचे. शिवाय ट्रिनिटी कॉलेजचे ६० पौंड वेगळे.

केंब्रिजचं गणित मराठी घरांना परकं नव्हतं. १८९९ साली रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे तिथे सीनियर रँग्लर झाले आणि ‘रँग्लर’ ही पदवी त्यांच्या नावाला कायमची चिकटली. परांजपे परीक्षेच्या सरळ जिन्याने वर गेले. रामानुजन यांच्याकडे दाखवायला एफ.ए. परीक्षेतली नापासीच होती. केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांना १९१३च्या जानेवारीत पाठवलेलं प्रमेयांनी भरलेलं पत्र, एवढ्या भांडवलावर ते तिथे पोचले.

तिथे काय अवस्था होती? थंडीत कुडकुडत, ओव्हरकोट घालून, वर शाल गुंडाळून ते झोपायचे. शेजारच्या किंग्ज कॉलेजातले प्रशांतचंद्र महालनोबीस खोलीवर आले, तेव्हा उलगडा झाला. पलंगावर ब्लँकेटं होती, पण ती गादीखाली ताणून खोचलेली. त्यांच्या आत शिरायचं असतं हे कोणी सांगितलंच नव्हतं. महालनोबीसांनी ती उलगडून दाखवली. जेवण कडक शाकाहारी, हाताने रांधलेलं. चिंच आणि खोबरेल मद्रासहून यायचं. ऑगस्टमध्ये महायुद्ध पेटलं आणि ट्रिनिटीच्याच आवारात जखमी सैनिकांच्या खाटा लागल्या.

आता संख्या. रामानुजन यांच्या गोष्टीतला टॅक्सीचा तो १७२९ आकडा सगळ्यांना पाठ आहे, त्याला आज सुट्टी देऊ. त्याहून साधा प्रश्न घेऊ: ४ ही संख्या किती प्रकारे फोडता येते? ४, ३+१, २+२, २+१+१, १+१+१+१. पाच प्रकार. दहाचे प्रकार होतात ४२. इथवर शाळकरी पोरही बोटांवर करील. वीसचे ६२७, पन्नासचे २,०४,२२६. शंभरावर पोचलात की १९,०५,६९,२९२. दर सेकंदाला एक फोड लिहायची, झोपायचं नाही, जेवायचं नाही, असं ठरवलं तर शंभराला सहा वर्षं लागतील. शंभराची दुप्पट केली म्हणून वेळही दुप्पट लागेल, असं वाटतं ना? दोनशेचे प्रकार ३९,७२,९९,९०,२९,३८८. जवळजवळ चार लाख कोटी. तेवढे लिहायला सव्वा लाख वर्षं. हजाराचं तर बोलूच नये: ३२ अंकी संख्या, आणि लिहायला विश्वाच्या आजवरच्या वयाच्या ५५ लाख कोटी पट काळ.

दोनशेपर्यंतच्या या फोडींचा तक्ता हाताने केला होता मेजर पर्सी मॅकमहॉन या तोफखान्यातल्या निवृत्त अधिकाऱ्याने. गंमत म्हणजे १८७३ साली त्यांची नेमणूक मद्रासलाच झाली होती. ते अर्थात एकेक फोड मोजत बसले नाहीत. गणितज्ञ ऑयलरची जुनी युक्ती होती: आधीच्या ठरावीक ओळींची बेरीज-वजाबाकी केली की पुढची ओळ मिळते. दोनशेव्या ओळीसाठी मागच्या २२ ओळी लागतात. एका ओळीत एक अंक चुकला की ती चूक पुढे झिरपत जाणार. चिकाटी म्हणतात ती ही.

रामानुजन आणि हार्डी यांना मागचं काहीच न मोजता थेट दोनशेवर उडी घ्यायची होती. त्यांनी सूत्र काढलं आणि त्यातली फक्त आठ पदं घेऊन बेरीज केली. उत्तर आलं ३९,७२,९९,९०,२९,३८८.००४. मॅकमहॉन यांच्या तक्त्याशी ताडलं. चार लाख कोटींच्या हिशेबात फरक एका सहस्रांशाच्या चौपट! पूर्ण संख्या हवी आहे हे माहीतच असल्याने शेपूट खुडायचं आणि उत्तर बिनचूक हातात. त्यातही विलक्षण असं की सूत्रात पाय (π) आहे, वर्गमुळं आहेत, त्रिकोणमिती आहे. चार रुपयांच्या मोडीशी यांचा काय संबंध, असं कुणालाही वाटावं. या सूत्राचा निबंध १९१८ साली छापून आला. त्यातली झेप कुणाची आणि सिद्धतेची शिस्त कुणाची, हा वाद मला निष्फळ वाटतो. कुंभकोणमच्या ओसरीवर हे सूत्र पुरं झालं नसतं आणि एकट्या हार्डींना ते सुचलं नसतं.

तक्त्याचा आणखी एक उपयोग झाला. रामानुजन तो नुसता पाहत बसले आणि त्यांना दिसलं की ४, ९, १४, १९, २४ अशा ओळींतलं प्रत्येक उत्तर पाचाने भागलं जातं: ५, ३०, १३५, ४९०, १५७५. मॅकमहॉन यांनी स्वतः मांडलेल्या आकड्यांत ही गोष्ट उघड्यावर पडलेली होती.

१९३७ साली हान्स राडेमाखर यांनी सूत्राला अचूक रूप दिलं. त्याच रूपाच्या आधारे फ्रेडरिक योहान्सन यांनी २०१४ साली संगणकावर १ वर २० शून्यं असलेल्या संख्येच्या फोडी मोजल्या. उत्तरात १,११४ कोटी अंक आहेत. पानाला तीन हजार अंक छापले तर नुसतं उत्तर ३७ लाख पानांचं.

सूत्र तगलं, माणूस तगला नाही. १९१७च्या वसंतात आजारपण सुरू झालं. १९१८ साली रॉयल सोसायटीची फेलोशिप मिळाली, तीही त्याच आजारपणात. मार्च १९१९ मध्ये ते मुंबईला उतरले आणि २६ एप्रिल १९२० रोजी, वयाच्या ३२व्या वर्षी, एग्मोरच्या पुढच्याच स्टेशनाजवळ, चेटपेटमध्ये गेले.

परतण्याआधी मद्रास विद्यापीठाने त्यांना पुन्हा वर्षाला २५० पौंड देऊ केले. ११ जानेवारी १९१९ला त्यांनी विद्यापीठाला कळवलं की ही रक्कम गरजेपेक्षा जास्त आहे. २५० ही संख्या दोनशे तीस लाख कोटींहून अधिक प्रकारे फोडता येते. त्यांनी सुचवलेली फोड अशी: ५० पौंड आईवडिलांना, स्वतःच्या आवश्यक खर्चापुरते स्वतःला आणि उरलेले गरीब व अनाथ मुलांच्या शाळेच्या फीसाठी आणि पुस्तकांसाठी.