अख्ख्या प्रथिनाचे वजन

विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात आढळणाऱ्या सिकलसेल आजाराचे मूळ एका अदलाबदलीत आहे. हिमोग्लोबिन या प्रथिनाच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन हे अमिनो आम्ल येते आणि 15,867 डाल्टनची साखळी 30 डाल्टनने हलकी होते. एक डाल्टन म्हणजे साधारण एका हायड्रोजन अणूचे वजन. हा फरक मास स्पेक्ट्रोमीटर हे रेणूंचे वजन मोजणारे यंत्र सहज टिपते. वाहक व्यक्तीच्या रक्तात तर 15,867 आणि 15,837 अशी दोन्ही वजने शेजारी-शेजारी दिसतात.

या यंत्रात मोजायचा रेणू वायुरूप आणि विद्युतभारित असावा लागतो. प्रथिन मात्र तापवले की उडण्याआधीच मोडते. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ जॉन फेन यांनी 1980च्या दशकात यावर तोड काढली. प्रथिनाचे आम्लयुक्त द्रावण काही हजार व्होल्ट दाब दिलेल्या बारीक सुईतून फवारायचे. थेंब वाळत जातात आणि प्रोटॉन अंगावर घेतलेले प्रथिन सबंध बाहेर पडते. फेन यांना 2002 मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. लेझरने हेच साधणारे जपानचे कोइची तनाका त्यात वाटेकरी होते.

यंत्र दाखवते ते वजन भागिले भार. बीटा साखळीच्या काही रेणूंवर 15 प्रोटॉन असतात, काहींवर 16 किंवा 17. त्यामुळे आलेखात 1058.8, 992.7, 934.4 अशी शिखरांची रांग उमटते. त्यांच्यातल्या अंतरावरून संगणक भार ओळखतो आणि 15,867 हा आकडा काढतो.

प्रयोगशाळांत एरवी प्रथिनाचे ट्रिप्सिन या विकराने तुकडे करून मग ते मोजतात. त्यात कोणता बदल कुठे झाला ते कळते. पण एकाच रेणूवर कोणकोणते बदल एकत्र होते, ही माहिती हरवते. सुमारे दीड लाख डाल्टनच्या प्रतिपिंड औषधांत साखरेच्या साखळ्या रेणूगणिक वेगळ्या असतात. अशा वेळी अख्खे वजनच ही सरमिसळ उघड करते.

पण वजनाला जागा कळत नाही. ग्लुकोज बीटा साखळीच्या टोकाला चिकटो वा मधल्या लायसिन या अमिनो आम्लाला, वाढ 162 डाल्टनचीच. हिमोग्लोबिन ई या प्रकारात तर नेहमीच्या साखळीशी फरक एका डाल्टनहूनही कमी पडतो. म्हणून ‘टॉप-डाउन’ पद्धतीत आधी अख्खे प्रथिन तोलतात, मग ते यंत्रातच फोडून तुकडे मोजतात. म्हणजे किती बदलले आणि कुठे बदलले, दोन्ही एकाच नमुन्यातून कळते.