विश्लेषण : कॅथलिक शाळेतील धर्मशिक्षणाचा तास कोणासाठी? पालकांच्या संमतीशिवाय मुलाला बसवता येते का?

नागपुरात प्रवेशाचा हंगाम आला की कॉन्व्हेंट शाळांबाहेर रांगा लागतात. रांगेतले बहुतेक पालक ख्रिस्ती नसतात. शिस्त, इंग्रजी आणि निकाल पाहून ते मुलांना या शाळांत घालतात. तिथे धर्माचे काय शिकवले जाते, हा प्रश्न बहुधा प्रवेशानंतर पडतो आणि समाजमाध्यमांवरील एखाद्या चित्रफितीमुळे तो वादाचा होतो. याबाबत राज्यघटना, न्यायालये आणि खुद्द चर्च काय म्हणते, याचा हा आढावा.

धर्मशिक्षण आणि मूल्यशिक्षण यांत फरक काय?

कॅथलिक शाळांच्या वेळापत्रकात अनेकदा एकाच वेळी दोन तास असतात. कॅथलिक मुले कॅटेकिझम म्हणजे धर्मशिक्षणाच्या वर्गात जातात आणि इतर मुले मूल्यशिक्षण किंवा ‘मॉरल सायन्स’च्या वर्गात बसतात. धर्मशिक्षणात बायबलमधील कथा, प्रार्थना, दहा आज्ञा आणि चर्चचे सात संस्कार येतात. श्रद्धा रुजवणे हा त्याचा उद्देश असतो. मूल्यशिक्षणात प्रामाणिकपणा, मैत्री, इतरांचा आदर असे विषय असतात आणि ते कोणत्याही धर्माच्या मुलासाठी असतात.

प्राथमिक वर्गांत या तासाला जास्त महत्त्व असण्यामागे एक कारण आहे. पोप दहावे पायस यांनी १९१० मध्ये ‘पहिल्या कम्युनियन’चे वय साधारण सात वर्षांपर्यंत खाली आणले. त्याआधी अनेक ठिकाणी हा संस्कार दहा-बारा वर्षांनंतर होत असे. या बदलामुळे संस्काराची तयारी प्राथमिक शाळेच्या वयात आली. ही तयारी काही ठिकाणी शाळेत, तर काही ठिकाणी रविवारी चर्चमध्ये करून घेतली जाते.

नागपुरात या शाळा कधीपासून आहेत?

नागपुरातील मिशनरी शिक्षणाची सुरुवात प्रॉटेस्टंट पंथीयांनी केली. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४० च्या दशकात येथे आले. त्यांच्या नावाचे महाविद्यालय १८८३ पासून सुरू आहे. कॅथलिक शिक्षणाचा पाया फ्रान्समधील आनसी येथे स्थापन झालेल्या सेंट फ्रान्सिस डी सेल्स संघाच्या धर्मगुरूंनी घातला. सदर भागातील ‘एसएफएस’ शाळा १८७० सालची आहे. नागपूर धर्मप्रांत १८८७ मध्ये स्थापन झाला आणि १९५३ मध्ये त्याला महाधर्मप्रांताचा दर्जा मिळाला. म्हणजे धर्मप्रांत होण्याआधीच शाळा उभी राहिली होती.

नियोगी समितीचा संदर्भ पुन्हा पुन्हा का येतो?

मिशनरी शाळांवरील देशातील सर्वात गाजलेला सरकारी अहवाल नागपुरातच तयार झाला. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशची राजधानी होते. राज्य सरकारने १९५४ मध्ये नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करणारी समिती नेमली. तिचा अहवाल १९५६ मध्ये आला. शाळा, रुग्णालये आणि अनाथाश्रमांचा वापर धर्मांतराला पूरक म्हणून केला जातो, असा ठपका त्यात होता. ख्रिस्ती संघटनांनी हा अहवाल एकतर्फी असल्याची टीका केली. शाळांतील धर्मशिक्षणाविषयी आजही जो संशय आणि प्रतिवाद ऐकू येतो, त्यातील बरेचसे मुद्दे या अहवालात आणि त्यावरील टीकेत सापडतात.

राज्यघटना काय सांगते?

यासाठी दोन अनुच्छेद एकत्र वाचावे लागतात. अनुच्छेद ३० नुसार धार्मिक आणि भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा आणि चालवण्याचा हक्क आहे. त्यामुळे कॅथलिक शाळेत धर्मशिक्षणाचा तास असणे बेकायदा नाही.

विद्यार्थ्याच्या बाजूने अनुच्छेद २८ आहे. त्यात शाळांची वर्गवारी केलेली आहे. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही. सरकार चालवत असले तरी धर्मशिक्षणाची अट असलेल्या देणगीतून वा न्यासातून उभ्या राहिलेल्या संस्थेला यातून सूट आहे. शासनमान्य किंवा अनुदानित शाळेत धर्मशिक्षण देता येते, पण कोणत्याही विद्यार्थ्याला त्याची सक्ती करता येत नाही. विद्यार्थी अल्पवयीन असेल तर पालकाची संमती लागते. बहुतेक कॅथलिक शाळा याच गटात येतात.

येथे शब्दरचना महत्त्वाची आहे. पालकाने हरकत घेतली तर मुलाला वगळावे, असे घटना म्हणत नाही. पालकाने संमती दिली असेल तरच मुलाला बसवता येईल, असे ती म्हणते. म्हणजे पालकाने काहीच कळवले नसेल, तर मूल त्या तासाच्या बाहेर असायला हवे. संमती मिळवण्याची जबाबदारी शाळेची आहे.

सकाळची प्रार्थनाही यात येते का?

अनुच्छेद २८ मध्ये धर्मशिक्षणाबरोबर धार्मिक उपासनेचाही उल्लेख आहे. संमतीशिवाय उपासनेलाही हजर राहायला लावता येत नाही. मात्र शाळेची कोणती प्रार्थना ‘उपासना’ ठरते, हे प्रत्येक वेळी स्पष्ट नसते. नाशिकमधील एका शिक्षकाने प्रार्थनेच्या वेळी हात जोडण्यास नकार दिला होता. २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल देत अशी सक्ती मूलभूत हक्कांच्या विरोधात असल्याचे म्हटले. ती शाळा मिशनरी नव्हती. केंद्रीय विद्यालयांतील संस्कृत प्रार्थनेला आव्हान देणारे प्रकरणही सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये मोठ्या पीठाकडे सोपवण्याची शिफारस केली. म्हणजे हा प्रश्न केवळ ख्रिस्ती शाळांपुरता नाही.

मग सर्व धर्मांची माहिती देणारा धडाही चालणार नाही का?

तो चालतो. एखाद्या धर्माची माहिती देणे आणि त्याची श्रद्धा शिकवणे यांत न्यायालयांनी फरक केला आहे. गुरू नानकांचे जीवन आणि शिकवण यांचा अभ्यास म्हणजे धर्मशिक्षण नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये पंजाबमधील डीएव्ही महाविद्यालयाच्या प्रकरणात म्हटले. शालेय अभ्यासक्रमात धर्मांची ओळख करून देण्यावर घेतलेली हरकतही २००२ मध्ये न्यायालयाने फेटाळली. त्यामुळे नाताळ का साजरा करतात हे सर्व मुलांना सांगता येते. कॅटेकिझम पाठ करून घेणे मात्र वेगळ्या प्रकारात मोडते.

चर्चची स्वतःची भूमिका काय?

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये धर्मस्वातंत्र्यावर जाहीरनामा प्रसिद्ध केला. पालकांच्या श्रद्धेशी न जुळणाऱ्या तासांना मुलांना बसण्याची सक्ती केल्यास पालकांच्या हक्कांचा भंग होतो, असे त्यात नमूद आहे. म्हणजे सक्ती नको, या मुद्द्यावर घटना आणि चर्चची अधिकृत भूमिका यांत विरोध नाही.

देशात कॅथलिक चर्चच्या सुमारे १४ हजार शाळा आहेत. भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने २०२४ मध्ये या संस्थांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. इतर धर्मांच्या विद्यार्थ्यांवर ख्रिस्ती परंपरा लादू नयेत, सकाळच्या परिपाठात राज्यघटनेची उद्देशिका वाचावी आणि आवारात सर्वधर्म प्रार्थनालय असावे, या त्यातील ठळक सूचना होत्या. त्याच्या काही आठवडे आधी आसाममध्ये काही संघटनांनी मिशनरी शाळांतील धार्मिक चिन्हे हटवण्याची मागणी केली होती.

दुसरी बाजूही आहे. सक्तीच्या आरोपाला घाबरून शाळेने धर्मशिक्षणाचा तासच बंद केला, तर कॅथलिक मुलांची गैरसोय होते. ज्या समाजाच्या मुलांसाठी घटनेने हा हक्क दिला, त्या मुलांनाच तो वापरता येत नाही. म्हणून अनुच्छेद २८ तास बंद करायला सांगत नाही. तो तासाला कोण बसणार याची अट घालतो.

शिक्षण हक्क कायद्याचा यावर परिणाम होतो का?

सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या ‘प्रमती’ निकालात अल्पसंख्याक शाळांना शिक्षण हक्क कायद्यातून वगळले. त्यामुळे २५ टक्के राखीव जागांचा नियम त्यांना लागू होत नाही. महाराष्ट्रातीलच एका प्रकरणात द्विसदस्यीय पीठाने १ सप्टेंबर २०२५ रोजी या निकालाबद्दल शंका व्यक्त केली आणि विषय मोठ्या पीठाकडे जावा म्हणून सरन्यायाधीशांकडे पाठवला. त्यात काहीही ठरले तरी संमतीचा नियम बदलत नाही. अल्पसंख्याक दर्जामुळे शाळेला प्रशासनात मोकळीक मिळते, पण अनुच्छेद २८ पासून सुटका मिळत नाही.

पालकांनी काय पाहावे?

प्रवेश अर्जावर सही करण्यापूर्वी धर्मशिक्षणाबाबतची ओळ वाचावी. ‘शाळेचे सर्व उपक्रम मान्य’ अशा मोघम वाक्याखाली सही मागितली जात असेल, तर धर्मशिक्षणाला आपली संमती आहे की नाही हे वेगळे लिहून द्यावे आणि त्याची पोच घ्यावी. त्या तासाला मूल कुठे बसते आणि काय शिकते, हेही विचारावे. वर्गाबाहेर व्हरांड्यात बसवून ठेवणे हा पर्याय होऊ शकत नाही. दुसऱ्या वर्गाला शिक्षक आणि अभ्यासक्रम हवा. शाळेने प्रवेशाच्या वेळीच वेगळा संमतीअर्ज दिला, तर पुढचे बरेच वाद टळू शकतात. सात वर्षांच्या मुलाला घटनेचे अनुच्छेद कळत नाहीत, म्हणूनच त्याच्या वतीने सही करण्याचा अधिकार घटनेने पालकाला दिला आहे.