बाप्तिस्म्यानंतरची आठ वर्षे

२९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज गावी पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. सोबत त्यांच्या लहानग्या लेकीचा, मनोरमेचाही झाला. या बातमीने पुण्यात उठलेल्या गदारोळाबद्दल आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. माझे मन मात्र त्यानंतरच्या आठ वर्षांपाशी अडते. रमाबाईंनी १९०७ साली इंग्रजीत आपली साक्ष लिहिली. वाँटेजला आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण ख्रिस्त सापडला नव्हता, असा तिचा आशय आहे. बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाने हे छापून सांगणे सोपे नाही. मी ख्रिस्ती घरात वाढलो, म्हणून ते मला अधिकच जाणवते.

पुण्य कमावणे म्हणजे काय, हे रमाबाईंना लहानपणापासून ठाऊक होते. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराण सांगत, तीर्थयात्रा करत आणि मिळेल ते दान करून टाकत. पुण्य साठत होते आणि घर रिकामे होत होते. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण थोड्याथोड्या अंतराने गेली. पुढे कलकत्त्यात विद्वानांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवले, पण भाऊ आणि पतीही लवकरच गेले. १८८३ च्या मे महिन्यात त्या इंग्लंडला पोचल्या, त्या वैद्यकीचे शिक्षण घ्यायला. कानांनी दगा दिल्यामुळे तो बेत राहून गेला. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी वाँटेजलाच आत्महत्या केली. या दुःखातून रमाबाई बाप्तिस्म्यापर्यंत आल्या होत्या.

त्यांना ओढून नेले ते मुख्यतः फुलहॅमच्या एका घराने. वाँटेजच्या मठातल्या भगिनी तिथे समाजाने टाकलेल्या स्त्रियांना जवळ करत. अशा बाईलाही पुन्हा उभे करता येते, हे पाहून रमाबाईंनी चौकशी केली, तेव्हा त्यांना विहिरीवर येशूला भेटलेल्या शोमरोनी बाईची गोष्ट सांगण्यात आली. तिला जवळ करणारा हा कोण, हा प्रश्न त्यांनी मग सोडला नाही.

१८८४ पासून चेल्टनहॅम लेडीज कॉलेजात त्या संस्कृत शिकवू लागल्या आणि स्वतःही शिकू लागल्या. याच काळातला त्यांचा वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेला पत्रव्यवहार उपलब्ध आहे. त्र्येकत्व, चमत्कार, बिशपांचा अधिकार, सगळ्यावर त्या प्रश्न विचारत होत्या. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिनऐवजी संस्कृत अक्षरे का नकोत, इथपर्यंत वाद गेला. जेराल्डीनबाईंना यात अहंकार दिसला. मला तसे वाटत नाही. ज्या बाईने एकदा दुसऱ्यांच्या शब्दावर सगळे घर गमावले, ती पुन्हा दुसऱ्याच्या शब्दावर कशी विसंबणार? फरक इतकाच की त्या अजून बुद्धीनेच देवाकडे जात होत्या. पटले तेवढे घेत होत्या, आणि आत कुठेतरी भूक तशीच राहिली होती.

ती भूक भागली ती हिंदुस्थानात परतल्यावर, पुण्यात, विधवांसाठी काढलेल्या शारदासदनाच्या धबडग्यात, १८९१ च्या सुमारास, आणि तीही एका इंग्रजाच्या पुस्तकाने. विल्यम हॅस्लम हे कॉर्नवॉलमधल्या बाल्धू गावचे पाळक. १८५१ साली आपल्याच व्यासपीठावरून उपदेश करता करता त्यांना उमगले, की आपण सांगतो ते तारण आपल्यालाच मिळालेले नाही. पाळकाचा पालट त्या उपदेशातच झाला. त्यांचे हे आत्मवृत्त वाचताना रमाबाईंना आपलेच चित्र दिसले. बाप्तिस्मा, विद्या, सेवा हे सगळे हातात धरून त्या देवापुढे उभ्या होत्या, आणि देव मागत होता ते रिकामे हात. पापी म्हणून यायचे आणि ख्रिस्ताने केलेले पुरे मानायचे, एवढेच त्यात होते. पुण्य मोजत वाढलेल्या मुलीला हे समजायला आठ वर्षे लागली, यात मला नवल वाटत नाही.

आणि रिकामे हात एकदा पुढे केले, की ते रोज पुढे करावे लागतात. पुढे त्यांनी तिघांची चरित्रे वाचली: चीनमध्ये गेलेले हडसन टेलर, न्यू हेब्रिडीज बेटांवरचे जॉन पेटन आणि ब्रिस्टलचे जॉर्ज म्युलर. म्युलर १८९८ साली वारले, तोवर त्यांच्या अनाथाश्रमांतून दहा हजारांवर मुले वाढली होती, आणि म्युलर कुणापुढे हात पसरत नसत, फक्त प्रार्थना करत. आपल्या देशातही देव असा पोसेल का, हा प्रश्न रमाबाईंनी मनाशी धरला. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. उपासमार झालेल्या मुलींमध्ये त्यांना आपलेच जुने दिवस दिसले असणार. तीनशेच्या आसपास मुली घेऊन त्या परतल्या आणि पुण्याजवळच्या केडगावच्या माळावर ‘मुक्ती’ या आश्रमाचे काम उभे राहिले. १९०० च्या दुष्काळानंतर तिथे दोन हजारांच्या घरात माणसे होती. इतक्या तोंडांची भाकर दर सकाळी नव्याने उभी करायची आणि वर्षभराची हमी कुणाचीच नाही!

हे हातावर हात धरून बसणे नव्हते, हे आमच्या मंडळींतही पुष्कळदा विसरले जाते. केडगावात माग चालत, छापखाना चाले, शेती होई. म्युलर गरज बोलून दाखवत नसत, रमाबाई मात्र ती लिहून कळवत आणि प्रार्थना मागत. भरवसा दोघांचा एकच.

१८९८ साली त्या पुन्हा इंग्लंडात गेल्या, लेक डिस्ट्रिक्टमधल्या केझिकच्या ख्रिस्ती अधिवेशनाला. तिथे त्यांनी पैसे मागितले नाहीत, हिंदुस्थानातल्या ख्रिस्ती लोकांवर पवित्र आत्म्याचा वर्षाव व्हावा म्हणून प्रार्थना मागितली. १९०४ साली वेल्समधल्या मंडळ्यांत आध्यात्मिक संजीवन सुरू झाले. त्याची वार्ता केडगावला पोचताच मुलींचे प्रार्थनागट बसू लागले, आणि १९०५ च्या जूनअखेर मुक्तीतल्या मुली रडत, पापकबुली देत, मोठमोठ्याने प्रार्थना करू लागल्या.

शेवटची वर्षे त्यांनी पवित्र शास्त्र मूळ हिब्रू आणि ग्रीकमधून साध्या मराठीत आणण्यात घालवली, केडगावच्या बायकांना कळेल अशा मराठीत. जुलै १९२१ मध्ये, वाँटेजला आईसोबत बाप्तिस्मा घेतलेली मनोरमा मिरजेला वारली. रमाबाई मुद्रिते तपासत राहिल्या. ते काम संपवण्यापुरते आणखी दहा दिवस त्यांनी देवाकडे मागून घेतले, असे मुक्तीतले लोक सांगत. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. ग्रंथ १९२४ साली छापून निघाला.