भावंडसंबंध, दिव्यांग बालकाच्या कुटुंबातील

मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक दिव्यांगता, आत्ममग्नता अशा कारणांनी एखाद्या अपत्यास अखंड शुश्रूषेची गरज असली, की मातापित्यांचा वेळ, पैसा व लक्ष यांचा मोठा भाग त्याच्याकडे वळतो. अशा कुटुंबात इतर अपत्यांवर होणारे परिणाम व त्यांचे संतुलन हा कौटुंबिक मानसशास्त्राचा एक अभ्यासविषय आहे.

इतर भावंडांत मत्सर, राग आणि त्या रागाबद्दलची अपराधी भावना आढळते. काही मुले अकाली समंजस होतात व काहीच मागत नाहीत. हा समंजसपणा कौतुकास्पद वाटला, तरी तो पुष्कळदा दुर्लक्षित राहिल्याचे लक्षण असतो. तथापि परिणाम केवळ अनिष्टच असतात, असे नाही. फ्रान्सिस ग्रॉसमन यांच्या १९७२ मधील अमेरिकेतील अभ्यासात मतिमंद बालकांच्या महाविद्यालयीन भावंडांपैकी काहींची हानी, तर जवळजवळ तितक्यांचाच लाभ झाल्याचे दिसून आले.

बीड जिल्ह्यात या प्रश्नास ऊसतोडीच्या स्थलांतरामुळे वेगळे स्वरूप येते. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी साधारणपणे दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि हंगाम संपल्यावर परततात. पतिपत्नींची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. मुलासाठी आई गावी थांबली, तर ‘अर्धा कोयता’ उरतो व उचल फिटत नाही. मूल फडावरील कोपीत नेल्यास त्याच्या उपचारांत खंड पडतो. आजी-आजोबांकडे ठेवल्यास ते वृद्धांच्या कुवतीबाहेरचे ठरते. दोन्ही परिस्थितींत सांभाळ बहुधा थोरल्या बहिणीकडे येतो व तिची शाळा सुटते. येथे लक्षाची वाटणी ही केवळ मायेची नव्हे, तर मजुरीचीही बाब आहे.

सर्व अपत्यांस समान वेळ देणे अशा कुटुंबास अशक्य असते. न्याय्य वागणूक मात्र शक्य असते. भावंडास आजाराचे स्वरूप त्याच्या वयास समजेल अशा शब्दांत सांगणे, दिवसातील थोडा पण ठराविक वेळ त्याच्यासाठीच राखणे, त्याच्या कामाची मर्यादा ठरविणे आणि रागही बोलून दाखवू देणे, हे उपाय उपयुक्त ठरतात. सांभाळाचा भार एकट्या मुलीवर न टाकता मुलगे, वडील व नातलग यांत वाटला जाणे आवश्यक असते. पुढील आयुष्यातील जबाबदारी तिला न विचारता गृहीत धरणे अन्यायाचे होय.

राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ अन्वये जिल्ह्यातील स्थानिक समिती अठरा वर्षांवरील पात्र व्यक्तीसाठी पालक नेमू शकते. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी राज्य शासनाने २०२१ मध्ये संत भगवानबाबा वसतिगृह योजना मंजूर केली. वसतिगृहामुळे बहिणीचे शिक्षण टिकू शकते. मात्र मागे राहणाऱ्या दिव्यांग भावंडाच्या सांभाळाची सोय झाल्याशिवाय घरातून तिची सुटका होत नाही.