‘कम्म’, ‘कर्म’ आणि मनाचा कल

घोडबंदरच्या दक्षिणेस डोंगरात कान्हेरीची लेणी आहेत. वायव्येस, खाडीपलीकडे, सोपारे आहे. अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे तेथील परिसरात सापडले. कान्हेरीच्या भिंतींवर दात्यांनी आईवडिलांच्या पुण्यासाठी दिलेल्या दानांची नोंद प्राकृतात कोरलेली आढळते. ‘कम्म’ हा शब्द ह्या भूभागात शतकानुशतके वावरत होता. त्याचे पुढे काय झाले हे मराठीच्या अभ्यासकाने पाहण्याजोगे आहे. ध्वनिपरिवर्तनाच्या नियमानुसार ‘कम्म’पासून मराठीत ‘काम’ आले. ते हातात असते, करावयाचे असते. ‘कर्म’ हा मात्र संस्कृतातून परत उसना घेतलेला शब्द असून त्याला ‘कर्मभोग’, ‘कर्मदरिद्री’ अशी सोबत मिळाली. बोलीत नुसते ‘कर्म माझे!’ म्हटले तरी कपाळाला हात लागतो. एकाच मुळाच्या ह्या दोन शब्दांत एक कर्त्याचा आहे, दुसरा भोगणाऱ्याचा.

हा भेद केवळ कोशातला नव्हे. मागच्या जन्मीच्या कर्माने ह्या जन्मीचे हीनत्व आले, ह्या विधानाने महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या अस्पृश्यतेचे समर्थन केले गेले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली, तेव्हा ह्या विधानाचा निकाल लावणे त्यांना भाग होते. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ ह्या ग्रंथाच्या प्रास्ताविकात कर्म व पुनर्जन्म हा प्रश्न त्यांनी मुद्दाम पुढे मांडला; आणि बौद्ध कर्मनियम हा नैतिक व्यवस्थेचा नियम आहे, गतजन्मीच्या वारशाचा नव्हे, असा निष्कर्ष काढला.

पाली निकायांत ह्याला कितपत आधार आहे? अंगुत्तरनिकायात बुद्ध चेतनेलाच कम्म म्हणतात. चेतना म्हणजे येथे शुद्ध किंवा जाणीव नव्हे. मराठी वाचकाची येथे हमखास गफलत होते. चेतना म्हणजे करण्याचा संकल्प. संयुत्तनिकायातील सीवकसुत्तात सुखदुःखांची आठ कारणे दिली आहेत. पित्त, कफ, वात, त्यांचा संनिपात, ऋतूंचा पालट, विषम वर्तन, बाहेरचा आघात आणि अखेरीस कर्मविपाक, असा तो क्रम आहे. आठांपैकी एकच कर्माचे! जे जे भोगावे लागते ते सारे पूर्वकृतामुळेच, हे मत तेथे स्पष्टपणे नाकारलेले आहे.

संकल्प हेच कर्म असेल, तर संकल्प कोठून येतो हा पुढचा प्रश्न होय. मज्झिमनिकायातील द्वेधावितक्कसुत्ताचे महत्त्व येथे आहे. बोधिप्राप्तीपूर्वी गौतमाने आपल्या विचारांचे दोन भाग केले : एकीकडे कामवासना, द्वेष व हिंसा ह्यांचे विचार, दुसरीकडे त्यांच्या उलट विचार. मनुष्य ज्याचे वारंवार चिंतन करतो त्याकडे त्याच्या चित्ताची ‘नति’ होते, असे हे सुत्त सांगते. ‘नति’ हा शब्द ‘नम्’ धातूचा. मराठीत त्याला ‘कल’ म्हणावे. झाड ज्या बाजूला कलते त्या बाजूलाच पडते, तद्वत् प्रत्यक्ष कृतीच्या क्षणी मन नवा निर्णय क्वचितच घेते. ते आधीच कललेले असते. म्हणून साधनेचे खरे क्षेत्र कृतीच्या कितीतरी अलीकडे आहे. सुत्तातला गुराखी पिके उभी असताना काठीने गुरे आवरतो. पीक घरी आल्यावर गुरे तेथे आहेत एवढे भान त्याला पुरते. आरंभीचा निग्रह आणि नंतरची सहजता ह्यांतले अंतर भाताच्या मुलखातल्या वाचकाला वेगळे समजावून देण्याची गरज नाही.

लगतच्याच वितक्कसंठानसुत्तात अकुशल विचार हटविण्याचे पाच उपाय आहेत. पहिला सर्वांत व्यवहार्य : सुतार बारीक खुंटीने जाड खुंटी ठोकून काढतो, त्याप्रमाणे त्या विचाराच्या जागी दुसरा, कुशल विचार आणणे. मग त्याचे दोष पाहणे, त्याकडे दुर्लक्ष करणे, त्याचा वेग टप्प्याटप्प्याने शमविणे. दातांवर दात रोवून मनाने मन दाबणे हा उपाय शेवटचा, आणि तो शेवटी ठेवला आहे हेच त्याचे मूल्यमापन समजावे.

जुन्या कर्माचे काय, ही शंका उरते. लोणफलसुत्तात मिठाचा खडा पेलाभर पाण्यात टाकला तर पाणी पिववत नाही, गंगेत टाकला तर कळतही नाही असा दाखला आहे. (‘लोण’ म्हणजे लवण, आपल्या ‘लोणच्या’त ते अजून आहे.) भाईंदरच्या मिठागरांजवळ राहणाऱ्यास हा हिशेब चटकन पटेल. मीठ नाहीसे होत नाही, पाणी वाढते. अंगुलिमाल अर्हत झाला, तरी भिक्षेला गेल्यावर त्याच्या डोक्यात ढेकळे बसलीच.

घोडबंदरच्या नैर्ऋत्येस गोराईचा विपश्यना पॅगोडा २००९ मध्ये खुला झाला. सत्यनारायण गोएंका ह्यांच्या परंपरेत ‘संखार’ म्हणजे संवेदनेवर उमटणारी आवडनावडीची प्रतिक्रिया. मराठीतल्या ‘सुसंस्कारां’शी तिची गल्लत होता कामा नये. तटस्थपणे पाहिल्यास नवे संखार बनत नाहीत व जुने क्षीण होतात, असे तेथे शिकविले जाते. ह्यातले जुन्यांचे क्षीण होणे निगंठांच्या कर्मक्षयाच्या कल्पनेजवळ जाते की काय, असा आक्षेप घेता येईल. परंतु निगंठ देहकष्टांनी कर्म झिजवू पाहत. येथे भर घालणे थांबवायचे आहे. आंबेडकरांना गतजन्मीचा साठाच मान्य नव्हता. त्यांनी मन वळविण्याचे साधन म्हणून बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्याही मराठीत. त्यांतील बहुतेक क्रियापदे ‘-णार नाही’ किंवा ‘-ईन’ अशी प्रथमपुरुषी भविष्यकाळी आहेत. आणि मराठीत ही रूपे पुढे काय घडेल ह्यापेक्षा बोलणाऱ्याने काय ठरविले आहे तेच अधिक सांगतात.