धोट्याचा दोरा आणि माणसाची पारख

माणसाची पारख गुणांवरून करावी, कुळावरून करू नये, हे तत्त्व अमान्य करणारा गृहस्थ आज विरारात शोधूनही सापडायचा नाही. परंतु तत्त्व मान्य करणे निराळे आणि दार उघडणे निराळे. हा फरक आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांना गिरणीच्या धोट्याने शिकविला.

मुंबईच्या कापडगिरण्यांत साचेखात्याची मजुरी रिंगखात्यापेक्षा चांगली असे. पण तेथे अस्पृश्य कामगाराला थारा नसे. कांडी संपली की विणकर धोट्यात नवी कांडी बसवी आणि धोट्याच्या भोकाला तोंड लावून दोरा ओढून घेई. 'ह्यांचे उष्टे आम्हांला चालायचे नाही,' असे स्पृश्य विणकरांचे म्हणणे. म्हणजे हा निर्बंध कामगारांनीच कामगारांवर लादला होता.

1928 साली गिरण्यांचा सार्वत्रिक संप झाला. साचेखाते अस्पृश्यांना खुले करावे, ही मागणी संपाच्या मागण्यांत घ्या, असा आग्रह डॉ. आंबेडकरांनी धरला. पुढाऱ्यांनी ती नाखुषीनेच घेतली. मालकांचे उत्तर असे की, हा अन्याय असेल तर त्याचे धनी आम्ही नव्हे! उत्तर झोंबणारे खरे, पण ते खोडून काढता येण्याजोगे नव्हते. एकजुटीच्या घोषणा देणाऱ्या आम्हांला ते आजही मान खाली घालायला लावते.

आता विचार करा. ज्याला साच्यावर उभाच केला नाही, त्याच्या हाताची सफाई दिसावी कशी? आणि ती दिसली नाही, की 'हे काम त्या लोकांना जमत नाही' म्हणायला आपण मोकळे! पारख करावयाची तर आधी संधी द्यावी लागते. संधी नाकारून दिलेला निवाडा हा गुणांचा नसतो, जन्माचाच असतो.

26 जानेवारी 1950 पासून अमलात आलेल्या राज्यघटनेच्या 17 व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. पुढे बहुतेक गिरण्याही बंद पडल्या. तरी आपल्याकडे खोली भाड्याने देताना पहिला प्रश्न आडनावाचा, दुसरा गावाचा, तिसरा खाण्यापिण्याचा. भाडे वेळेवर देईल काय, शेजाऱ्याच्या अडीअडचणीला धावेल काय, हे सर्वांत शेवटी. पुष्कळदा विचारलेच जात नाही.

सकाळच्या गर्दीत गाडी पकडताना आतून कोणी हात देतो, तेव्हा त्याचे आडनाव आपण विचारीत नाही. त्याच हाताला आपल्या इमारतीत खोली मिळेल काय, एवढे ज्याने त्याने घरी जाऊन स्वतःला विचारावे.